कोंबडीला घरघर लागली तर काय करायचं

माझी पहिली कोंबडी माझ्याच घाईनं गेली. दुपारपर्यंत अंगणात उकरत होती, संध्याकाळी दोनदा शिंकली. रात्री मी तिची चोच उघडून लसणाचा रस, हळद आणि शेजारच्या मावशींच्या सांगण्यावरून अर्धी सर्दीची गोळी घशात ओतली. सकाळी ती डालग्याखाली आडवी पडलेली. सर्दीनं कोंबडी एका रात्रीत अशी मरत नाही. रस श्वासनळीत गेला होता, हे मला पुढे दवाखान्यात कळलं.

आम्ही परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात राहतो. परसात चौदा-पंधरा कोंबड्या असतात, बहुतेक गावठी, चार गिरिराज. गेल्या पाच वर्षांत तीनदा घरघर येऊन गेली. ज्यांच्याकडे पाच ते वीस कोंबड्या आहेत आणि ज्यांनी नुकत्याच पाळायला घेतल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. हजार पक्ष्यांच्या शेडचं गणित वेगळं असतं, ते इथे शोधू नका.

आजार यायच्या आधी एका डब्यात एवढं सामान जमवून ठेवा: सुई काढलेली पाच मिलीची सिरिंज दोन नग, मऊ सुती फडकी, मीठ, ब्लीचिंग पावडर, चुन्याची भुकटी, हातमोजे, मास्क, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, एक वही. आणि एक जादा डालगं किंवा मोठं खोकं. हे खोकं ऐन वेळी सापडत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

१. आधी ठरवा, ऊन लागलंय की आजार आहे

एप्रिल-मे महिन्यात मराठवाड्यात पारा बेचाळीसवर जातो तेव्हा धडधाकट कोंबडीही चोच उघडी टाकून धापा टाकते. तिला घाम येत नाही. अंगातली उष्णता ती श्वासावाटे बाहेर टाकते. अशा वेळी ती पंख अंगापासून लांब धरून सावलीत उभी असते, नाक कोरडं असतं, डोळे स्वच्छ असतात, आवाज येत नाही, आणि तिच्यासोबत बाकीच्याही तेच करत असतात. संध्याकाळी गारवा आला की सगळ्या पूर्ववत होतात. अशा कोंबडीला औषध नको. गार पाणी, ओला केलेला गोणपाट आणि सावली एवढं पुरतं.

सकाळी सहा वाजता, गारव्यात, एखादी चोच उघडून श्वास घेत असेल तर मात्र तो आजार आहे.

आणखी एक खूण म्हणजे शेपटी. श्वास घेताना शेपटी हातपंपाच्या दांड्यासारखी वरखाली होत असेल तर तिला श्वासाला जोर लावावा लागतोय.

२. रात्री नऊनंतर खुराड्याला कान लावा

दिवसा कोंबडी दुखणं लपवते. आजारी दिसली की बाकीच्या टोचतात, म्हणून ती शेवटपर्यंत दाणे टिपल्याचं सोंग करते. रात्री सगळ्या शांत बसल्या की बॅटरी न लावता खुराड्यापाशी दोन मिनिटं उभ्या राहा. घरघर, बारीक शिट्टी, ओली खरखर, शिंक, जे काही असेल ते ऐकू येतं. किती जणींकडून येतंय ते मोजा. एकीलाच असेल तर थोडा वेळ हाताशी आहे. चौघींना असेल तर सकाळी दवाखाना गाठा.

नंतर एकेक उचलून बघा. उचलताना छाती घट्ट दाबू नका. कोंबडीला आपल्यासारखा छाती-पोटाच्या मधला पडदा नसतो. तिची फुफ्फुसं फुगत नाहीत, अंगभर पसरलेल्या हवेच्या पिशव्यांमधून हवा खेळते आणि त्यासाठी छातीचं हाड पुढेमागे हलावं लागतं. ते दाबून धरलं तर तिचा श्वासच बंद होतो. बाजारात पाय बांधून उलट्या लटकवून नेतात ना, आजारी कोंबडीला तसं नेलं तर ती वाटेतच जायची.

काय काय बघायचं: नाकपुड्या चिकटल्यात का, डोळ्यात फेस आहे का, चेहरा एका बाजूनं सुजलाय का, तोंडाला वास येतोय का, तोंडात पिवळट खपल्या आहेत का, तुऱ्याचा रंग कसा आहे, शिट कशी आहे, छातीचं हाड हाताला धारदार लागतंय का. सगळं वहीत लिहा. वजनही करा, साध्या ताणकाट्यानं, पिशवीत घालून. पुढचे आठ दिवस ती सुधारते आहे की खंगते आहे हे त्या आकड्यावरून सगळ्यात आधी कळतं.

३. त्याच रात्री वेगळी काढा

सकाळची वाट बघू नका. घरघर पाण्याच्या भांड्यातूनही पसरते. नाकातला शेंबूड पाण्यात पडतो आणि बाकीच्या तेच पाणी पितात. आजारी कोंबडी उलट्या बाजूला, वारा तिच्याकडून बाकीच्यांकडे येणार नाही अशा जागी ठेवा. दाणा-पाणी आधी चांगल्यांना, मग आजारीला. हा क्रम उलटला की रोग आपल्याच हातानं परत खुराड्यात जातो. चपलाही वेगळ्या ठेवा.

स्वयंपाकघरात चुलीजवळ उबेला ठेवायची पद्धत आहे, आमच्या सासूबाईही तेच म्हणाल्या होत्या. ऊब ठीक आहे हो, पण धूर नको. ज्या नळीला आधीच सूज आहे तिच्यात धूर भरला तर काय होईल ते सांगायला नको. पडवीचा कोपरा बरा. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, तेव्हा खोक्याच्या एका बाजूला साठ वॅटचा पिवळा बल्ब लावा आणि दुसरी बाजू मोकळी सोडा, म्हणजे गरम वाटलं तर ती सरकेल. लाईट गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा.

४. लक्षणांचा अंदाज घ्या, पण निदान स्वतः करू नका

घरघर हे एका रोगाचं नाव नाही. निदान डॉक्टर करतील, पण त्यांना काय सांगायचं हे कळावं म्हणून ढोबळ चित्र देते.

डोळ्यात साबणासारखा फेस, नाकातून पाणी, रात्री खरखर, तरी थोडंफार खाते आहे आणि आठवड्यामागून आठवडे हेच चाललंय, तर बहुधा मायकोप्लाझ्मामुळे होणारी जुनाट सर्दी. हिला सीआरडी म्हणतात. एका बाजूनं टरारून सुजलेला चेहरा, चिकटलेला डोळा आणि नाकाला कुजकट वास, तोही दोन-तीन दिवसांत खुराडंभर, तर कोरायझा. हा वास एकदा घेतला की विसरत नाही. या दोन्ही रोगांमागे जिवाणू असतात, इथे प्रतिजैविकाचा उपयोग होतो.

तोंडात, घशात पिवळट खपल्या आणि तुऱ्यावर फोड म्हणजे देवी. त्या खपल्या ओढून काढू नका. खाली रक्त येतं आणि ते श्वासनळीत उतरतं. पावसाळ्यात, गांडुळं खाणारी तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) मान लांब करून जांभया दिल्यासारखं करत असेल आणि डोकं झटकत असेल तर श्वासनळीत लाल किडे असू शकतात. तिला सर्दीचं औषध देऊन काही होत नाही, जंताचं लागतं.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या राशी होतात आणि परतीचा पाऊस भुसकट भिजवतो. फुकट मिळतंय म्हणून तेच आपण खुराड्यात अंथरतो. त्यात बुरशी धरली असेल तर पिलं गुपचूप धापा टाकत मरतात, आवाजसुद्धा होत नाही. बुरशीला प्रतिजैविक लागू पडत नाही. अंथरूण नाकाशी धरून बघा. कुबट वास आला तर सगळं बाहेर काढा.

आता मानमोडी, म्हणजे रानीखेत. सुरुवात साध्या घरघरीसारखीच होते. मग हिरवट पातळ शिट, मान वाकडी होणं, पाय-पंख लुळे पडणं, आणि बघता बघता मरतूक. हा विषाणू आहे, त्यावर औषध नाही. जो कोणी मानमोडीवर हमखास पावडर म्हणून काही विकेल त्याच्याकडून घेऊ नका. लस आहे, तिच्याकडे शेवटी येते.

५. ही लक्षणं दिसली तर हात लावायचा नाही, फोन करायचा

एक-दोन दिवसांत अनेक कोंबड्या पटापट मरणं, तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी लाल कातडी) निळे-जांभळे पडणं, डोकं सुजणं, पायावर रक्ताळलेले ठिपके, गावात कावळे किंवा इतर पक्षी मरून पडलेले दिसणं. यातलं काही असेल तर बर्ड फ्लूची शंका धरावी. आपल्याकडे तो लांबचा राहिलेला नाही. २०२१ च्या जानेवारीत परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. २०२५ च्या जानेवारीत उदगीर शहरात कावळे मरून पडले, तेही त्यानंच.

अशा वेळी मेलेला पक्षी पिशवीत घालून एसटीनं दवाखान्यात नेऊ नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करा, ग्रामपंचायतीला कळवा. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा क्रमांक टोल फ्री आहे. नमुने ते लोक घेतात आणि पक्की तपासणी भोपाळच्या प्रयोगशाळेत होते. तोवर कोंबडी विकू नका, कापू नका, पाहुण्यांना देऊ नका, लहान पोरांना खुराड्याकडे फिरकू देऊ नका.

लोक कळवत नाहीत, कारण सगळ्याच मारून टाकतील ही भीती. भीती खोटी नाही. रोग पक्का झाला तर भोवतालच्या एक किलोमीटरमधले पक्षी नष्ट करतात. पण नुकसानभरपाई मिळते ती सरकारनं नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लपवून ठेवण्यात पैशाचाही तोटा आहे. त्यासाठी आधार कार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि किती पक्षी होते याची तारीखवार नोंद हाताशी असू द्या. वही ठेवायला सांगितलं त्याचं हे दुसरं कारण.

६. दवाखान्यात जाताना

तालुक्याच्या ठिकाणी सहसा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, तिथे पशुधन विकास अधिकारी म्हणजे पदवीधर पशुवैद्य बसतात. मोठ्या गावांतही दवाखाने असतात. अवघड केस असेल आणि जवळ पडत असेल तर परभणी आणि उदगीर इथली पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, त्यांच्या दवाखान्यात बाहेरची जनावरं आणि पक्षी तपासतात. सकाळी लवकर जा. दुपारी डॉक्टर गायी-म्हशींच्या मागे खेडोपाडी गेलेले असतात.

एक कोंबडी घेऊन गेल्यावर लोक हसतात. मलाही रांगेतल्या एकानं विचारलं, "ताई, दोनशेची कोंबडी अन् शंभरचं पेट्रोल?" त्याला सांगितलं की घरी अजून तेरा आहेत. केसपेपरची फी किरकोळ असते.

सोबत न्यायच्या गोष्टी: वही, श्वासाचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ (दवाखान्यात कोंबडी घाबरून घरघरायची थांबते), कागदावर ताजी शिट, आतापर्यंत काही पाजलं असेल तर त्याचं पाकीट. लाजून लपवू नका, मी लपवलं होतं. डॉक्टर हे विचारतील: वय काय, एकूण किती, कधीपासून, अंडी कमी झाली का, लस कधी दिली, गेल्या महिन्यात बाजारातून नवीन कोंबडी आणली का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दहापैकी आठ वेळा हो असतं, निदान आमच्या गल्लीत तरी.

एखादी मेली असेल आणि बर्ड फ्लूची शंका नसेल, तर ताजी असतानाच दोन पिशव्यांत घालून, बर्फ बाहेरून लावून न्या. शवविच्छेदनातून बाकीच्यांचं निदान होतं. उन्हात चार तास पडलेल्या कोंबडीतून काही कळत नाही.

७. औषध पाजणं

टायलोसिन, डॉक्सीसायक्लिन, एन्रोफ्लॉक्सासिन ही नावं तुमच्या कानावर पडतील. कोणतं, किती, किती दिवस हे डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, कारण पाकिटावरचा डोस शेडमधल्या शेकडो पक्ष्यांसाठी असतो. दुकानदाराच्या अंदाजावर चिमूटभर पावडर टाकू नका. कोलिस्टिन असलेलं औषध कोणी दिलं तर परत करा, खाण्यासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांसाठी त्यावर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे.

दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले होते. डॉक्टरांनी लिहून दिलेलं डॉक्सीसायक्लिन आणलं, मोजून पाण्यात घातलं, पाच दिवस दिलं. फरक शून्य. परत गेले तर डॉक्टरांनी एकच विचारलं, "पाणी कुठलं देता?"

पाणी बोअरचं, दुसरं कुठलं असणार? पातेल्याला महिन्याभरात पांढरा थर धरतो ते. त्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या औषधाला धरून ठेवतं आणि ते आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही. एन्रोफ्लॉक्सासिनचंही तसंच. मराठवाड्यात बहुतेकांकडे बोअर आहे आणि बहुतेक बोअर क्षारांचे आहेत, तेव्हा ही गोष्ट अधोरेखित करून ठेवा. औषधासाठी गावातल्या आरओ प्लांटवरचं जारचं पाणी आणा किंवा साठवलेलं पावसाचं वापरा. कोंबड्यांना किती लागतं? एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते, उन्हाळ्यात दुप्पट. दहा कोंबड्यांना एक जार कितीतरी दिवस पुरतो. औषध चालू असताना शिंपल्यांची भुकटी, चुनखडी, कॅल्शियमचं टॉनिकही थांबवा. ते गुण देत नाहीत आणि औषधाचा गुण खातात.

औषधाचं पाणी रोज सकाळी ताजं करा, सावलीत ठेवा, भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या. त्या दिवशी दुसरं पाणी कुठेच नको. अंगणातलं मोरीचं डबकं आणि गाईचा हौद आठवणीनं झाका. माझ्या कोंबड्या औषधाचं पाणी सोडून थेट मोरीवर जायच्या.

जास्त आजारी कोंबडी पाणीच पीत नाही, म्हणून तिला पाण्यातून औषध मिळतं हा भ्रम आहे. तिला सिरिंजनं पाजा. मांडीवर सरळ बसवा, उताणी कधीच नाही. चोचीच्या कडेला एक थेंब लावा, ती गिळेल, मग दुसरा. जिभेच्या बुडाशी मधोमध एक भोक उघडझाप करताना दिसतं, ती श्वासनळी आहे. त्यात काही गेलं तर संपलं. म्हणूनच तेल, रॉकेल, काढा, दारू, लसणाचा रस घशात ओतायचे सगळे उपाय मी बंद केले. लसूण बारीक करून दाण्यात मिसळायचा असेल तर मिसळा, मन शांत होतं.

दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करा. अंडी? औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत, अंगणवाडीत द्यायची तर मुळीच नाहीत. कोंबडी कापायचीही नाही. शेजारच्या मावशी म्हणाल्या होत्या, "मरण्याआधी काप, रस्सा तरी होईल." नाही म्हणायला शिका.

८. औषधाइतकंच महत्त्वाचं

चिकटलेले डोळे आणि नाक दिवसातून दोनदा पुसा. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट पाऊण चमचा मीठ, त्यात फडकं भिजवून. नाक चोंदलं की कोंबडी खाणं सोडते, नुसतं नाक मोकळं केल्यावर दाण्याला चोच लावणारी मी पाहिली आहे. खायला ज्वारीच्या कण्या शिजवून, भाकरी कोमट पाण्यात कुस्करून, थोडा उकडलेला अंड्याचा बलक. सोबत बारीक चिरलेली मेथी किंवा शेवग्याचा पाला, अ जीवनसत्त्व कमी पडलं तरी नाक-डोळ्यांचं दुखणं वाढतं.

बाकीच्यांच्या खुराड्याकडे वळा. पहाटे दार उघडल्याबरोबर खाली बसा आणि कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर आत अमोनिया साठलाय, आणि तो रोज रात्रभर त्या श्वासातून घेतात. थंडीत ऊब राहावी म्हणून आपण खुराडं गोणपाटानं गच्च बंद करतो, तिथेच घोटाळा होतो. खालून झाका, वरती वितभर हवा खेळू द्या. ओलं अंथरूण काढून उन्हात टाका, जमिनीवर चुना भुरभुरा, पाण्याची भांडी ब्लीचिंगनं धुऊन वाळवा.

मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नका, कुत्री ती गावभर फिरवतात. विहीर-बोअरपासून लांब, कंबरभर खड्डा, वर-खाली चुना, वरून दगड.

९. बरी झाल्यावर

औषध संपून आठ-दहा दिवस आवाज नाही, वजन परत आलं, तेव्हा आत सोडा. पण सीआरडी किंवा कोरायझातून उठलेली कोंबडी वरून ठणठणीत दिसली तरी रोग अंगात बाळगून असते. थंडी, पाऊस, बाजारची ने-आण असा ताण आला की परत घरघर. तिला आठवडी बाजारात विकणं म्हणजे दुसऱ्याच्या खुराड्यात रोग घालणं. सीआरडीचा जंतू अंड्यातून पिलात उतरतो, म्हणून तिची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नका. नवीन आणलेली कोंबडीही किमान तीन आठवडे वेगळी ठेवायची, कितीही देखणी असली तरी.

१०. मानमोडीची लस

पिलू सात दिवसांचं झालं की लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौथ्या आठवड्याच्या आसपास पुन्हा. आठव्या आठवड्यात आर-टू-बी, ती टोचायची असते. ती त्याहून लहान पिलांना देऊ नका, झेपत नाही. देवीची लसही सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, पंखाच्या पातळ कातडीत. नक्की तारखा दवाखान्यातून घ्या. घरघर चालू असताना लस टोचू नका.

अडचण ही की बाटली शंभर किंवा त्याहून जास्त डोसची येते आणि आपल्याकडे पिलं बारा. एकदा द्रावण तयार केलं की दोन तासांत संपवावं लागतं. आम्ही गल्लीतल्या सहा घरांनी तारीख ठरवून घेतली आहे. एकीनं थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणायची, सकाळी सातच्या आत सगळ्यांची पिलं एका पडवीत, एक धरणारी, एक थेंब टाकणारी, एक मोजणारी. पिलांच्या पायाला घराप्रमाणे रंगीत दोरा बांधा, नाहीतर परत नेताना भांडणं होतात. उरलेली लस फ्रिजमध्ये पुढच्या वेळेसाठी ठेवायची नाही. बाटली उकळत्या पाण्यात घाला आणि मग पुरा.